वाफेला लावलेला बोल

४ मार्च, सोमवार

पाण्यात पन्नास मिनिटं. मलम दोनदा. चिरा: उजवी टाच, डाव्या कोपराची घडी. वास: असेल, मला येत नाही.

रकाने भरून झाले. ही वही कातडीच्या डॉक्टरांनी दिली आहे, रोजची नोंद ठेवायला. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः पट्टी घेऊन रकाने आखून दिलेत. पण चार रकान्यांखाली निम्मं पान कोरं राहतं, आणि कोरं पान बघितलं की माझा हात शिवशिवतो. तेव्हा वरचं निम्मं डॉक्टरांचं, खालचं माझं.

मी टबात बसून लिहिते. टबावर आडवी फळी, फळीवर वही, आणि पानांच्या कडा वाफेनं फुगलेल्या. सकाळचा हा एक तास मला चुकत नाही. जन्मापासून माझ्या अंगभर कातडी जाड आहे. मानेवर, कोपरांत, गुडघ्यांमागे तर तिच्या बारीक उभ्या वळ्या आहेत. माझी मान कॉरडरॉयची आहे असं नवरा म्हणतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून मी त्याला लिफ्टवाला म्हणते, तो मला कासव म्हणतो. भिजून वरचा थर मऊ झाला की तो फडक्यानं माझी पाठ चोळून देतो आणि मग कामावर जातो. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून एका दिवसाचा खाडा नाही.

पाण्यात बसलं की मला काठ राहत नाही. पाणी कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते ते कळेनासं होतं. हल्ली तर बसल्या बसल्या डोळा लागतो. त्याला कारण आहे. सातवा आठवडा चालू आहे.

लिहिलं एकदाचं. आईला अजून सांगितलेलं नाही.

६ मार्च, बुधवार

पन्नास मिनिटं. मलम तीनदा. चिरा नाहीत.

आज काचघरात नवे फवारे लावले. मी तिथे कलमं करते, अकरा वर्षं झाली. बाहेर वारा सुटला की माझी कातडी तडकते, काचघरात शिरलं की गप्प बसते. दुपारी दोनच्या सुमाराला फवारे सुटतात, काचा आतून पांढऱ्या होतात, आणि समोरची नेची, त्यांच्या मागची नेची, त्यांच्याही मागे उभा असलेला मुकादम, सगळं एकेक करून पुसलं जातं. मुकादम म्हणतो, इतरांना जिथे घाम फुटतो तिथे ही बाई फुलते. त्याला सोमवारीच शंका आली असावी, कारण जड कुंड्या आता तो न सांगता स्वतः उचलतो.

कोपऱ्यातल्या जुन्या झुडपाला एक फितूर फांदी आली आहे. फितूर हा मुकादमाचा शब्द. सगळं झुडूप हिरवं, आणि एका बाजूच्या पानांवर तेवढी पिवळी रेघ. कधीतरी, झुडूप एवढंसं असताना, एकाच पेशीत काहीतरी बदललं आणि त्या पेशीपासून जेवढं वाढलं तेवढं पिवळं झालं, बाकीच्याला पत्ताही नाही. पण त्या रेघेच्या पोटातून जर डोळा फुटला, तर येणारी फांदी नखशिखांत पिवळी. तिचं कलम केलं की अख्खं रोप पिवळं. अशी रोपं बघायला लोक थांबतात. मी आज चार कलमं केली आणि प्रत्येकाला मनातल्या मनात शुभेच्छा दिल्या. पिवळी रोपं नाजूक असतात, उन्हात लगेच भाजतात.

११ मार्च, सोमवार

चाळीस मिनिटं, घाईत.

जनुकांच्या विभागात गेलो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टनं. लिफ्टवाल्यानं कान टवकारून ऐकलं आणि तेल हवंय असा निकाल दिला. आत एक आखूड केसांच्या तरुण डॉक्टर बसल्या होत्या, टेबलावर टोक काढलेल्या पेन्सिलींचा पेला. त्यांनी कागदावर आमचं अख्खं कुटुंब काढलं. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजार असलेला पेन्सिलीनं भरायचा. तीन पिढ्या झाल्या, सगळी रिकामी, आणि खाली एक माझं गोल काळंकुट्ट. मी त्यांचं नाव गोलचौकोनबाई ठेवलं आहे.

आमच्या घरात माझ्या कातडीचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आई लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. मी पोटात असताना सात महिने ती वाफेच्या मशीनपुढे उभी होती, ती वाफ मला लागली. लहानपणी कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की त्यानं विचारायच्या आत आई हे एका दमात सांगून टाकायची. पुढे शाळेत मीही तेच सांगायचे. आज बाईंना सांगितलं तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, वाफेनं असं कधीच होत नाही. वाफेचा यात काही संबंध नाही.

मला एकदम हलकं वाटलं. चौतीस वर्षं आई त्या वाफेचं ओझं वाहतेय.

मग त्यांनी समजावलं. या आजाराचे बरेच प्रकार आहेत. काहींत आईबाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं, काहींत एकाकडून आलं तरी पुरतं. माझा दुसऱ्या प्रकारचा असेल तर माझ्या बाळाला तो होण्याची शक्यता निम्मी. पोटातल्या बाळाची तपासणी बाराव्या आठवड्यात सुईनं करता येते, पण त्याआधी माझ्या रक्तात नेमकं काय बदललंय ते सापडायला हवं. म्हणून आज रक्त दिलं. उत्तर अडीच आठवड्यांत.

निघताना त्यांनी विचारलं, आईवडिलांपैकी कुणाला असं थोडंसं काही, एखादा डाग, एखादी पट्टी, तरी आहे का. मी म्हटलं, नाही. बाबा गेले, पण त्यांची कातडी मऊशार होती. आणि आईची तर मलासुद्धा हेवा वाटावा अशी.

"पाठबीठ पाहिली आहे तुम्ही त्यांची?"

"आईच आहे हो ती माझी," मी म्हटलं. त्यांनी आईच्या गोलात काही लिहिलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

आईला सांगितलं. वाफेचं ठेवून दिलं, आधी रक्ताचं उत्तर येऊ दे म्हटलं. फक्त बाळाचं सांगितलं.

आई दोन गल्ल्या सोडून राहते. आता लॉन्ड्री नाही, पण शेजाऱ्यांचे कपडे इस्त्री करून देते, हाताला चाळा म्हणून. एवढ्या उकाड्यातही तिच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या मनगटापर्यंत. माझी आई टापटिपीची. मी सांगितलं तेव्हा तिच्या हातात कुणाचीतरी उशीची खोळ होती. तिनं ती घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"मूल नको होऊ देऊस," आई म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी वाट बघत राहिले. इस्त्री कपड्यावर टेकायची आणि उचलायची एवढाच आवाज.

मी घरी आले. रडले नाही. आता लिहिताना येतंय रडू. तिनं मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माझ्या औषधपाण्यात कधी हयगय केली नाही. पण जवळ घेतल्याचंही मला आठवत नाही. इतर मुली शाळेतून सुटल्या की आयांच्या कमरेला लटकायच्या. मी बोट धरायला गेले की आई हातात पिशवी द्यायची. मी समजून होते, माझ्या कातडीची तिला किळस येते. मनातल्या मनात हे कितीदा म्हटलंय. कागदावर आज पहिल्यांदा. नको होऊ देऊस म्हणजे, तू नको होतीस.

१५ मार्च, शुक्रवार

एक तास दहा मिनिटं. पाण्यातच झोपले.

स्वप्नात काचघर पाण्यानं भरलेलं होतं, अगदी छतापर्यंत, आणि नेची पाण्यात हलत होती. बाळ त्यांच्यामधून पोहत होतं. त्याची कातडी कशी होती ते बघायला मी जवळ गेले तर दरवेळी ते एका पानामागे जायचं, चिडवल्यासारखं. मी घाबरले नव्हते. जागी झाले तेव्हा पाणी गार झालं होतं आणि लिफ्टवाला फडकं घेऊन उंबऱ्यात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

१९ मार्च, मंगळवार

आईचा सात दिवस फोन नाही. आज दारात पिशवी लटकवून गेली. आत वजरी होती, टाचा घासायचा दगड. ती नेहमी दोन आणते, एक मला, एक तिला. तिच्या टाचा बाळाच्या गालासारख्या आहेत, तरी वर्षाला सहा दगड झिजवते. म्हातारपणी माणसाला नाही ती खुळं लागतात.

लिफ्टवाला म्हणतो, तू जा तिच्याकडे. मी म्हटलं, मी नाही जाणार, ती माझ्यापेक्षा हट्टी आहे. पाच वर्षांपूर्वी न्यूमोनियानं दवाखान्यात होती तेव्हा एकशे तीन ताप अंगात, पण नर्सला अंग पुसू दिलं नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिली. मी म्हटलं, मी पुसते, तर मलाही हात लावू दिला नाही. हाताला हात नाही लावू देत, ती मनाला काय लावू देणार.

२८ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. आज सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या डोक्यात धुकं होईल.

कातडीच्या प्रत्येक पेशीत केराटिनच्या धाग्यांचा सांगाडा असतो. तो कसा विणायचा हे एका जनुकात लिहिलेलं असतं. त्या जनुकाच्या माझ्याकडे दोन प्रती, सगळ्यांकडे असतात तशा. त्यांतल्या एकीत एक अक्षर बदललंय. एकच. दुसरी प्रत धड आहे, पण दोन विणकरांतला एक जर चुकीचे टाके घालत असेल तर कापड बिघडणारच. धाग्यांचा गुंता होतो, पेशी कमजोर होतात आणि नुसत्या घासण्यानं फुटतात. म्हणून अशा बाळांच्या अंगावर फोड येतात. मग कातडी घाबरते आणि थरावर थर घालत सुटते, ती जाड होते. म्हणजे सगळे मला म्हणतात तशी मी जाड कातडीची नाहीच. माझी कातडी अतिशय घाबरट आहे. हे लिफ्टवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

एका प्रतीतली चूक पुरते. म्हणजे बाळाला शक्यता निम्मी. सुईची तारीख नऊ एप्रिल.

आणि घराण्यात दुसरं कुणीच नाही, म्हणून गोलचौकोनबाई म्हणाल्या, बहुधा हा बदल नव्यानं झाला असावा. तुमच्यापासून सुरू. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी तरंगत होते. चौतीस वर्षं मी कशाचा तरी परिणाम होते, आज सुरुवात झाले. हे वेडगळ आहे, पण मला मजा वाटली.

तशीच आईकडे गेले. रुसवा बाजूला ठेवला. म्हटलं, तिला मोकळं करावं. सांगितलं की वाफ नव्हती, तुझा काही दोष नाही, आजवर उगाच स्वतःला बोल लावत आलीस.

"वाफ नव्हती?"

"नव्हती. कुणीच नव्हतं. माझ्यातच झालं, आपोआप."

मला वाटलं ती रडेल, निदान हुश्श करेल. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं इस्त्री बंद केली, परत चालू केली आणि हातातला शर्ट पसरायचं विसरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, तू घरी जा, मला काम आहे. मी दवाखान्यातून तडक तिच्यासाठी सुटका घेऊन आले आणि तिनं मला दार दाखवलं. हात टेकले.

३० मार्च, शनिवार

चाळीस मिनिटं. चिरा: दोन्ही टाचा. कालपासून वारं आहे.

सुई टोचायची का नाही. टोचून उत्तर आलं तर काय करायचं. बाईंनी दोन्ही वाटा समजावल्या आणि एकाही वाटेवर ढकललं नाही, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली आहे. कुणी ढकललं असतं तर मी उलट्या दिशेनं गेले असते.

माझं काय वाईट झालं, असं म्हणून बघते. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. उन्हाळ्यात वास. हिवाळ्यात रक्त. पोहायला जायची बंदी. आणि काचघर. आणि फडकं घेऊन उभा असलेला एक माणूस. वजाबाकी करायला गेले की आकडे पाण्यात विरघळतात.

लिफ्टवाल्याला विचारलं, तुझ्या मनात काय आहे. तो बराच वेळ माझी पाठ चोळत राहिला. मग म्हणाला, "मला काय, एकाऐवजी दोन पाठी. जरा लवकर उठेन."

मग उठून गेला. तो रडला की नळ सोडतो, मला माहीत आहे.

३ एप्रिल, बुधवार

आज आई काचघरात आली.

अकरा वर्षांत कधी आली नव्हती. उकाडा सहन होत नाही म्हणायची. दुपारी फवारे नुकतेच सुटले होते आणि त्या पांढऱ्यातून कुणीतरी हळूहळू रंगत आलं, आधी काळी छत्री, मग गळ्यापर्यंतची बटणं, मग आई. मी कोपऱ्यातल्या झुडपापाशी कलमं करत होते, तर तेच दाखवत बसले. हे बघ, सगळं झुडूप हिरवं, आणि इथे एवढी पिवळी रेघ. या रेघेतून जी फांदी फुटते ती सगळीच्या सगळी पिवळी निघते. अख्खं झाड बरं असतं, फक्त रेघ असते, आणि त्याचं पोर मात्र पूर्ण.

आई रेघेकडे बघत राहिली. घामानं तिचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"झाडाला ठाऊक असतं?" तिनं विचारलं.

"झाडाला काय ठाऊक असणार?"

"असतं," आई म्हणाली.

छत्री कुंडीला टेकवून ठेवली आणि बटणं काढायला लागली. मला वाटलं उकाड्यानं घेरी आली. मी धरायला गेले तर तिनं मान हलवली. पाठमोरी झाली आणि शर्ट खांद्यावरून खाली सोडला.

डाव्या काखेखालून निघून, पाठीवर वळण घेऊन, कमरेपर्यंत गेलेली दोन बोटं रुंद पट्टी. दोन्ही कडांना दगडानं घासून लाल झालेली. मधे बारीक वळ्या. कॉरडरॉय. बाकीची पाठ मऊ, गोरी, म्हातारी.

ती पाठमोरीच बोलत राहिली. जन्मापासून आहे म्हणाली. तिच्या आईनं जन्मखूण म्हणून सांगितलं होतं, आणि झाकून ठेव म्हणून. दर आठवड्याला घासली की निम्मी होते, पुन्हा येते. मग मी झाले.

"तुझी कातडी राठ व्हायला लागली तेव्हा एकदा पाठीवरून हात फिरवला आणि हाताला कळलं. हीच कातडी. माझी एवढीशी, तुझ्या अंगभर."

"आणि वाफ?"

"काहीतरी सांगायला नको? घरात सासू होती, दारात शेजारणी होत्या. वाफेला कोण जाब विचारतंय."

बाबांना ठाऊक होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, असणारच, नवराच होता तो, पण त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. परवा मी येऊन, कुणीच नव्हतं, आपोआप झालं, असं म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, आता गप्प बसले तर मरेपर्यंत गप्प बसावं लागेल.

मला राग आला. खूप आला. चौतीस वर्षं मी एकटी आहे असं समजत होते आणि ती दाराला कडी लावून तीच कातडी घासत होती. मी तिला म्हटलंही, निदान मला तरी सांगायचंस. आणि बोलता बोलता माझं मलाच उमगलं की मीही काही कमी नाही. अकरा वर्षं फितूर फांद्या ओळखून पोट भरते, आणि बाईंनी सरळ विचारलं तेव्हा छातीठोकपणे नाही म्हणाले. आईची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती.

मुकादम फवाऱ्याच्या पलीकडे होता. तो खोकला आणि दुसऱ्या बाजूला निघून गेला. मी आईला शर्ट घालायला मदत केली. बटणं तिनंच लावली, गळ्याचं सोडून.

५ एप्रिल, शुक्रवार

आईला गोलचौकोनबाईंकडे नेलं. त्यांनी पट्टी बघितली, तिच्यातला एवढासा तुकडा तपासायला घेतला, पण म्हणाल्या की त्यांना खात्री आहे. आई स्वतः पोटात असताना, अगदी सुरुवातीला, तिच्या एका पेशीत ते अक्षर बदललं. त्या पेशीपासून जेवढं झालं त्याची ती रेघ. पट्टी अशी वळत का जाते, तर पोटातलं बाळ वाढताना पेशी त्याच वाटेनं पसरतात. त्याच पेशींतल्या काही आत बीजापर्यंत गेल्या. त्यातलं एक बीज म्हणजे मी. सुरुवात होण्याचा माझा मान गेला. मला वाईट वाटलं नाही.

आईनं खाली बघत विचारलं, म्हणजे माझ्यामुळेच झालं ना हिला.

बाई म्हणाल्या, तुमच्याकडून आलं, पण तुम्ही केलेलं काही नाही. आईनं ते पुन्हा म्हणायला लावलं. बाईंनी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी आमचा जुना कागद काढला आणि आईच्या गोलात एक बारीक तिरकी रेघ ओढली.

९ एप्रिल, मंगळवार

पाण्यात तास. मलम दोनदा. चिरा बघितल्या नाहीत.

सुई टोचून घेतली नाही.

फार मोठा विचार करून ठरवलं असं नाही. काल दिवसभर मी स्वतःला विचारत होते की उत्तर 'आहे' आलं तर काय करशील, आणि दरवेळी माझ्या डोक्यात पुढचं चित्र यायचं ते कोमट पाण्याचं, छोट्या टबाचं, मऊ फडक्याचं. दुसरं चित्र यायचंच नाही. मग टोचायचं कशाला. कुणाला दुसरं चित्र येत असेल, तर तिला मी नावं ठेवणार नाही. माझ्यापुरतं हे. तरी दवाखान्यात 'नको' म्हणताना मी घाबरले होते, अजून घाबरलेली आहे. बाळाच्या अंगाला उन्हात वास येईल, बाकावर कुणी बसणार नाही, आणि मोठं झाल्यावर ते मला विचारेल की तुला माहीत होतं ना. हो, म्हणावं लागेल. वाफेची सोय मला नाही.

गोलचौकोनबाई म्हणाल्या, ठीक आहे, मग बाळाला आहे असं धरूनच तयारी करू. प्रसूतीच्या वॉर्डातल्या नर्सना अशी बाळं कधी बघायला मिळत नाहीत, त्या गोंधळतात. त्यांच्यासाठी एक कागद लिहून आणा, मी सही करते.

१४ एप्रिल, रविवार

आई सकाळीच आली. मी टबात होते. आजवर ती बाहेरच्या खोलीत बसून राहायची, आज दार ढकलून आत आली आणि पाटावर बसली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वाफेत आम्ही दोघी एकमेकींना नीट दिसत नव्हतो, त्यामुळे बोलायला बरं पडलं. नर्सांचा कागद मी याच वहीत आधी कच्चा लिहीत होते.

बाईंनी सांगितलेलं वाचून दाखवलं. बाळाला चिकटपट्टी लावू नये. कपड्यांच्या शिवणी बाहेरच्या बाजूला असाव्यात. घासून पुसू नये, टिपावं.

आई म्हणाली, काखेत हात घालून उचलू नये, हे लिही. खालच्या दुपट्ट्यासकट उचलावं, दोन्ही तळहात सपाट ठेवून. मी लिहिलं, आणि विचारलं, हे तुला दवाखान्यात शिकवलं होतं का.

"मला कोण शिकवणार," ती म्हणाली.

मला वाटलं विषय संपला. पाणी निवत चाललं होतं.

"पहिल्या दिवशी तुला घेतलं. सगळ्या आया घेतात तशी, काखेत हात घालून. संध्याकाळी बघते तर जिथे जिथे माझं बोट लागलं होतं, तिथे तिथे फोड. पाठीवर आठ, छातीवर दोन. मोजले मी. बरोबर दहा."

मी पेन खाली ठेवलं.

"नंतर तुला हात लावायचा धीरच होईना. दुसऱ्यांच्या हातात द्यायची. पुढे कातडी राठ झाली तुझी, डॉक्टर म्हणाले, आता खुशाल घ्या, काही होत नाही. पण तोवर मला जमेनासंच झालं होतं."

किळस नव्हती. चौतीस वर्षं मी किळस समजत होते. मला तिला सांगायचं होतं की मी काय समजत होते, पण सांगितलं असतं तर तिला अकरावा फोड दिसला असता, म्हणून सांगितलं नाही. इथे लिहिते, इथे पुरे. मी नुसती मान खाली घालून रडले, आणि टबात रडण्याचा एक फायदा असतो.

तिनं लिफ्टवाल्याचं फडकं उचललं, पाण्यात बुडवलं आणि माझ्या पाठीवर ठेवलं. घासलं नाही. नुसतं ठेवलं, वर हात.

"अजून एक लिही," ती म्हणाली.

"काय?"

"बाळ झाल्या झाल्या आईकडे द्यावं. पहिल्या तासातच."

"आणि फोड आले तर?"

"येतील. आठवड्यात बसतात. तरी द्यावं, असं लिही."